आधी अभ्यास, मग खेळ? लहान मुलांच्या पालकांनो, या चुका टाळा

बालवाडी सुटली की फाटकाबाहेर एकच प्रश्न ऐकू येतो. ‘आज काय शिकवलं?’ मूल म्हणतं, ‘खेळलो.’ लगेच दप्तराची चेन उघडते आणि वही बाहेर येते. दोन ओळी गिरवलेल्या दिसल्या की जीव भांड्यात पडतो. पान कोरं असलं की रात्री व्हॉट्सॲप ग्रुपवर विषय निघतो, ‘फी एवढी घेतात आणि दिवसभर नुसतं खेळवतात.’

गंमत म्हणजे यातल्या कुणालाही विचारा, ‘खेळातून शिक्षण’ हे शब्द तोंडपाठ असतात. खेळाला उघड विरोध करणारे पालक आता फारसे भेटतही नाहीत. अडचण वेगळीच आहे. मूल शिकल्याचा पुरावा आपल्याला त्याच दिवशी हवा असतो, कागदावर हवा असतो आणि शेजारच्या मुलाशी ताडून बघता येईल असा हवा असतो. अडीच ते सहा वर्षांचं मूल असा पुरावा देत नाही. मग आपण तो मागत सुटतो, आणि पुढच्या बहुतेक चुका त्या मागण्यातून होतात.

कोरी वही म्हणजे वाया गेलेला दिवस

चार वर्षांची एक मुलगी स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात भातुकली मांडून बसली आहे. तीन वाट्या, एक पेला, मूठभर मूगडाळ. पेल्यातली डाळ ती वाटीत ओतते, वाटी भरते आणि डाळ फरशीवर सांडते. ती थांबते. एकेक दाणा चिमटीत धरून पेल्यात टाकते. पुन्हा ओतते, या वेळी हळू. बाहुलीपुढे दोन वाट्या ठेवते, अस्वलापुढे एक. अस्वल रुसतं. मग ती बाहुलीची एक वाटी उचलते, त्यातली निम्मी डाळ अस्वलाच्या वाटीत घालते, दोन्हीकडे वाकून बघते आणि म्हणते, ‘गरम आहे, फुंकर मार.’

आपल्याला दिसतो डाळीचा नास. प्रत्यक्षात तिने माप घेतलं, चुकलं तेव्हा हाताचा वेग बदलला, पुढे पेन्सिल धरायला लागणारी चिमट वापरली आणि समान वाटणी केली. सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे समोर कच्ची डाळ असताना तिने ती गरम वरण मानली. एक वस्तू दुसऱ्या कशासाठी तरी उभी राहू शकते, हे तिला कळलंय. पुढे ‘क’ ही आकृती एका आवाजासाठी उभी आहे हे कळायला हीच समज लागते. खोट्या खोट्या चहाला हसण्यासारखं काही नाही, वाचनाची तयारी तिथेच चाललेली असते.

हे काही परदेशातून आलेलं नवं खूळ नाही. गुजरातचे बालशिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेका यांनी भावनगरला १९२० मध्ये बालमंदिर सुरू केलं. त्यांनी आणि ताराबाई मोडकांनी १९२६ मध्ये नूतन बाल शिक्षण संघ स्थापन केला. १९४५ मध्ये ताराबाई आताच्या पालघर जिल्ह्यातल्या बोर्डीला आल्या आणि अनुताई वाघांच्या साथीने त्यांनी बालवाडी गावातल्या, पाड्यातल्या अंगणात नेली. महागडी साधनं परवडत नाहीत म्हणून त्यांनी शिंपले, बिया, दगड, पानं, माती हेच साहित्य केलं. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ वर्षं हा पायाभूत टप्पा मानला, आणि २०२२ च्या पायाभूत स्तराच्या अभ्यासक्रम आराखड्याने तीन ते सहा वयोगटाला ठरावीक पाठ्यपुस्तकं नकोत असं स्पष्ट लिहिलं. म्हणजे ज्युनिअर केजीच्या दप्तरात पाच पुस्तकं असतील तर ‘आमची शाळा फार पुढे आहे’ असं समजायचं कारण नाही.

‘काय शिकवलं’ऐवजी विचारा: आज कुणाबरोबर खेळलीस? काय बनवलं? मध्येच काय बिघडलं? तिसऱ्या प्रश्नाला सर्वांत लांब उत्तर मिळतं. आणि शाळा बघायला जाल तेव्हा खेळणी कुठे ठेवलीत तेवढं बघा. मुलांच्या हाताला येतील अशा खालच्या फळीवर असतील तर वापरात आहेत. काचेच्या कपाटात, कुलूप लावून, नवी कोरी दिसत असतील तर ती तुमच्यासाठी मांडलेली आहेत.

पेन्सिल लवकर धरली की अक्षर लवकर येतं

येत नाही. मनगटात आठ छोटी हाडं असतात. जन्माच्या वेळी ती कुर्चेची असतात आणि एकेक करत वर्षानुवर्षं कठीण होत जातात. तीन वर्षांच्या मुलाच्या मनगटात त्यातली निम्मीसुद्धा पक्की झालेली नसतात, शेवटचं तर आठ ते बाराव्या वर्षापर्यंत वाट बघायला लावतं. जोडीला खांदा, कोपर आणि बोटांचे बारीक स्नायू तयार व्हावे लागतात. आपली लिपीही सोपी नाही. गोलाई, गाठ, काना, वेलांटी आणि वर शिरोरेषा. अशा हाताला पानभर ‘अ’ गिरवायला लावला की मूल पेन्सिल मुठीत आवळतं, कागद फाटेपर्यंत दाबतं किंवा ‘हात दुखतो’ म्हणून पळ काढतं. आपण त्याला आळशी ठरवतो. बहुतेक वेळा हात खरोखरच दुखत असतो.

हाताची तयारी करून घ्यायला घरातली कामं उत्तम. मटार सोलणं, शेंगा फोडणं, कणकेचे गोळे वळणं, ओले रुमाल पिळणं, कपड्यांचे चिमटे लावणं, रांगोळी चिमटीतून सोडणं. जुनी पाटी आणि खडू काढा, खडूला थोडा जोर लावावा लागतो आणि चुकलं तर पुसता येतं. ब्रश पाण्यात बुडवून गच्चीच्या भिंतीवर मोठ्या रेघोट्या मारू द्या, त्यात खांद्यापासून हात हलतो.

शाळेने तरीही स्टँडिंग लाइन, स्लीपिंग लाइनची चार पानं दिली तर? आधी बाईंशी बोला. पुष्कळ बाईंना स्वतःलाही हे पटलेलं नसतं, ‘पालकच मागतात’ असं त्या सांगतात. त्यांच्याकडे जाऊन ‘आम्हाला नको’ म्हणणारे दोन-तीन पालक भेटले तर त्यांचं काम सोपं होतं. गृहपाठ टळणारच नसेल तर ताटात रवा पसरून बोटाने काढायला लावा, वहीत एक ओळ पुरे. तिथेच थांबा, मुलाचा हात धरून पान पूर्ण करू नका.

अक्षर उलटं काढणं, ३ चा आकडा आरशातल्यासारखा लिहिणं हे सहा-सात वर्षांपर्यंत सर्रास दिसतं. त्यासाठी लगेच क्लास शोधायला नको.

‘आमच्याकडे शंभरपर्यंत येतं’

पाहुण्यांसमोर म्हणून दाखवण्याचा हा आवडता कार्यक्रम. मूल गाणं म्हणावं तसे अंक म्हणतं आणि टाळ्या मिळवतं. एक छोटी परीक्षा घ्या, पण पाहुणे गेल्यावर. शेंगदाण्यांची वाटी पुढे ठेवा आणि म्हणा, ‘मला पाच दे.’ वीसपर्यंत धडाधड म्हणणारी तीन वर्षांची मुलं खुशाल मूठभर दाणे देतात. अंक म्हणता येणं आणि पाच म्हणजे नेमकं किती हे कळणं, यांत कित्येक महिन्यांचं अंतर असतं. ते अंतर पाठांतराने कापलं जात नाही, वस्तू हाताळून कापलं जातं. त्यातून मराठीत एकोणतीस, एकोणचाळीस म्हणताना पुढच्या दशकाचं नाव आधीच घ्यावं लागतं, तेव्हा शंभरपर्यंतची घाई आणखीच निरर्थक.

पानं मांडायला सांगा: माणसं किती, ताटं किती, एक कमी पडलं का? चिंचोके, सागरगोटे, कवड्या आणि सोंगट्यांचा पट काढा. पटावर कवड्यांचं दान पडतं आणि तेवढी घरं सोंगटी हलवावी लागते. प्रत्येक आकड्याला एक घर, हे बोटाला कळतं. अभ्यास कशाला म्हणायचं ते घरातल्या आजोबांना विचारू नका, त्यांच्याबरोबर पोराला पटावर बसवा.

सगळं शिकवून टाकण्याची घाई

ही चूक सुशिक्षित, हौशी आणि मुलांसाठी खरोखर वेळ काढणाऱ्या पालकांची, म्हणून जास्त अवघड. दिवाळीतला किल्ला घ्या. विटा-दगड रचून वर गोणपाट टाकायचं, चिखल लिंपायचा, अळीव पेरायचे, बुरुज करायचे, मावळे मांडायचे. पाच वर्षांच्या मुलासाठी याहून समृद्ध शाळा शोधून सापडायची नाही. चिखल किती पातळ झाला की ओघळतो, उतार किती असला की मावळा घसरतो, अळीव किती दिवसांत उगवतात, सगळं तिथे आहे. होतं काय? बाबा मोबाइलवर राजगडाचा नकाशा उघडतात, सोसायटीची स्पर्धा असते, आणि मुलाच्या वाट्याला उरतं ‘ते पाणी आण, तिथे पाय नको ठेवूस.’ संध्याकाळी किल्ला देखणा होतो, मूल टीव्हीपुढे असतं. पुढच्या वर्षी बाजारातून प्लास्टरचा तयार किल्ला येतो आणि प्रश्नच मिटतो.

२०११ साली अमेरिकेत झालेला एक छान प्रयोग आहे. एका खेळण्यात चार छुप्या करामती होत्या. काही मुलांना संशोधिकेने मुद्दाम शिकवलं, ‘बघ, हे असं केलं की आवाज येतो.’ इतरांना ती करामत जणू चुकून घडल्यासारखी दिसली किंवा काहीच सांगितलं नाही. शिकवलेली मुलं तीच एक करामत पुन्हा पुन्हा करत राहिली आणि बाकीच्या करामती त्यांना कमी सापडल्या. मोठ्या माणसाने दाखवलं म्हणजे दाखवण्यासारखं एवढंच असणार, असा त्यांचा तर्क होता. तसा तो चुकीचाही नाही.

याचा अर्थ पालकांनी हात बांधून बसावं असा नाही. मूल बुरुज रचतंय आणि तो तिसऱ्यांदा कोसळला, तर ‘मोठा दगड खाली घे’ हे उत्तर गिळा. ‘खालचा दगड बघितलास का?’ एवढंच विचारा आणि गप्प बसा. हे गप्प बसणं आपल्याला सर्वांत जड जातं.

तपासनीसासारखे प्रश्न विचारणं हा याच चुकीचा धाकटा भाऊ. मूल लाल गाडी पळवतंय आणि आई विचारते, ‘कलर कोणता? व्हील्स किती?’ तिला माहीत असलेलंच ती विचारतेय, हे मुलाला कळतं. त्यापेक्षा ‘गाडी कुठे चालली?’ विचारा, याचं उत्तर तुम्हालाही माहीत नसतं.

‘चित्र काढलंस तर चॉकलेट’

थोडक्यात सांगते. १९७३ साली स्टॅनफर्डच्या बालवाडीत चित्रं काढायला आवडणाऱ्या मुलांना आधीच बक्षीस कबूल करून चित्रं काढून घेतली. काही दिवसांनी मोकळ्या वेळात तीच मुलं पेनांकडे आधीपेक्षा कमी वळली. जे मूल आपणहून करतं त्याला मोबदला लावू नका. नावडत्या कामासाठी कधीमधी लालूच दाखवली तर आभाळ कोसळत नाही.

‘एज्युकेशनल’ असं खोक्यावर लिहिलं की झालं

दिवे लागणारी, एबीसी म्हणणारी खेळणी घेताना आपण निश्चिंत असतो, कारण शिकवण्याचं काम खेळण्याने घेतलेलं असतं. नेमकी तिथेच गफलत होते. दहा ते सोळा महिन्यांची बाळं आणि त्यांचे पालक यांच्या २०१६ मधल्या एका अभ्यासात असं दिसलं, की इलेक्ट्रॉनिक खेळण्याशी खेळताना पालक कमी बोलतात आणि बाळंही कमी हुंकार देतात. पुस्तक हातात असताना बोलणं सर्वांत जास्त होतं. खेळणं बोलू लागलं की माणूस गप्प बसतो. सावंतवाडीची लाकडी फळं आणि भाज्या काहीच बोलत नाहीत, म्हणून ‘भाजी कशी दिली?’ हे तुम्हाला विचारावं लागतं.

व्हिडिओंचंही तसंच. २०१० च्या एका अभ्यासात बारा ते अठरा महिन्यांच्या बाळांना शब्द शिकवणारी प्रसिद्ध डीव्हीडी महिनाभर दाखवली. ती न पाहिलेल्या बाळांपेक्षा त्यांना जास्त शब्द आले नाहीत. पण ज्या पालकांना ती डीव्हीडी स्वतः आवडली होती, त्यांना आपलं बाळ बरंच शिकल्यासारखं वाटत होतं. मला या सगळ्या विषयातला हा सर्वांत बोलका निष्कर्ष वाटतो.

खेळणी कमी करा, म्हणजे फेकू नका, आलटून पालटून काढा. दीड ते अडीच वर्षांची मुलं सोळा खेळण्यांपेक्षा चार खेळणी समोर असताना प्रत्येकाशी जास्त वेळ आणि जास्त तऱ्हांनी खेळतात, असं २०१८ च्या एका प्रयोगात दिसलं. स्क्रीनबद्दल जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सांगितलेली मर्यादा अशी: दोन वर्षं पूर्ण होईपर्यंत अजिबात नाही, दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाला जास्तीत जास्त एक तास, तोही जितका कमी तितका बरा. तीन-चार वर्षांच्या मुलाला दिवसभरात मिळून तीन तास हालचाल हवी, हे त्याच सूचनांमधलं वाक्य मात्र फारसं कुणी फॉरवर्ड करत नाही.

मोबाइल काढून घेतला की घर डोक्यावर घेतो? पहिले काही दिवस घेणारच. ‘जा, खेळ’ म्हणून चालत नाही, कारण खेळायची सवय मोडलेली असते. मोबाइल ठेवायच्या आधीच चादर टाकून टेबलाचं घर करा, आत दोन डबे आणि बॅटरी ठेवा. पहिली दहा मिनिटं तुम्हीही आत बसा आणि मग हळूच बाहेर या.

घरातसुद्धा इंग्रजीच

‘बेटा, बघ डॉगी टेल हलवतोय. कम, मिल्क पिऊन घे.’ यात इंग्रजी तर येत नाहीच, मराठीही अर्धी राहते. ज्या भाषेत तुम्हाला चिडता येतं, चिडवता येतं, गोष्ट रंगवता येते, त्या भाषेत मुलाशी खेळा. ओघळणं, ठिबकणं, शिंपडणं, उडणं ही पाण्याची वेगवेगळी वागणूक आहे आणि बादलीत हात घालून बसलेल्या मुलाला ते शब्द तिथेच, ओल्या हातांनी मिळायला हवेत. घरच्या भाषेत अनुभव पक्का झाला की इंग्रजी शब्द त्यावर चढतो. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही घरच्या भाषेचा आग्रह आहे, पण प्रवेशाच्या रांगेत तो कुणाला आठवत नाही.

खेळ म्हणजे मोकाट सोडणं

आता उलटी चूक. ‘आम्ही काही शिकवत नाही, हवं ते करू दे’ म्हणून मोठ्यांनी मोबाइलमध्ये डोकं घालायचं. मुलांना मोठ्या मुलांची आणि माणसांची गरज असते. गल्लीत आपल्याकडे त्यासाठी लिंबूटिंबू होता. लहानग्याला खेळात घ्यायचं, पण त्याच्यावर राज्य द्यायचं नाही. त्याला पळायला, लपायला आणि नियम बघायला मिळत, आऊट झाल्याचं दुःख नसे. सारख्या वयाची वीस मुलं एका वर्गात बसवली की लिंबूटिंबू संपतो. सोसायटीत संध्याकाळी वेगवेगळ्या वयाची मुलं एकत्र येतील एवढं बघा, ते कुठल्याही हॉबी क्लासपेक्षा मोलाचं आहे.

खेळायला कुणीच नाही, अशा घरात ‘शिवाजी म्हणतो’ दोघांतही होतो. ‘शिवाजी म्हणतो’ असं ऐकू आलं तरच हात वर करायचा, नाहीतर नाही. उसळून आलेली कृती आवरून धरणं हे पहिलीत बाकावर बसायला अक्षरओळखीइतकंच लागतं. तीन वर्षांचं मूल हमखास फसतं, पाच वर्षांचं तुम्हाला फसवतं.

पण पहिलीत मागे पडला तर?

सगळ्या चुकांच्या मुळाशी असलेली भीती ही. फिनलंडमध्ये शाळा सातव्या वर्षी सुरू होते. न्यूझीलंडमध्ये पाचव्या आणि सातव्या वर्षी वाचायला शिकू लागलेल्या मुलांची तुलना झाली, तेव्हा अकराव्या वर्षापर्यंत वाचनाच्या वेगातला फरक मिटलेला दिसला. तेव्हा सीनियर केजीत जोडाक्षरं वाचणाऱ्या भाच्याशी तुलना करून आपल्या मुलीची झोप उडवू नका. पहिलीला सहा वर्षं पूर्ण असावीत हा नियम जाचक वाटतो, पण जन्मतारखेसाठी धावाधाव करण्यापेक्षा ते एक वर्ष खेळात गेलेलं बरं. प्रवेशासाठी मुलाची मुलाखत घेणारी शाळा असेल, तर प्रवेशावेळी अशी चाळणी लावायला २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने बंदी आहे हे लक्षात असू द्या.

एक मात्र खेळावर सोडून चालत नाही. दोन वर्षांचं होऊनही मूल दोन शब्द जोडत नसेल, हाक मारल्यावर वळून बघत नसेल, अडीच-तीन वर्षांपर्यंत खोटं खोटं जेवण, खोटा फोन असं काहीच खेळत नसेल, गाडी पळवण्याऐवजी तासन्‌तास फक्त तिचं चाक फिरवत बसत असेल, किंवा येत असलेले शब्द बोलायचं थांबलं असेल, तर ‘त्याचे काकाही उशिरा बोलले’ म्हणत वर्ष काढू नका. बालरोगतज्ज्ञांना दाखवा, कानांची तपासणी करून घ्या. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रं आहेत, तिथे तपासणी आणि उपचार मोफत होतात. अंगणवाडीताईंना विचारलंत तर जवळचं केंद्र कुठे आणि कधी जायचं ते त्या सांगतील.